बाईंनी मत कोणाला दिलं?

फोन आशाचा होता. सकाळची वेळ, मी अर्धी दाढी केलेला, एका गालाला फेस. "काका, आई गेली," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठं?" ... साळवे बाई रोज सकाळी फिरायला जायच्या, येताना भाजी आणायच्या, वाटेत कुणाच्या तरी फाटकाशी थांबून त्याच्या पोराच्या अभ्यासाची चौकशी करायच्या. त्यामुळे 'गेली' म्हणजे परत यायला उशीर झालाय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. पलीकडून आशाचं काही उत्तर येईना, तेव्हा कळलं. चुकीच्या वेळी चुकीचं बोलण्याबद्दल सावेडीत माझा जो लौकिक आहे, तो मी बाईंच्या मरणातही राखला. त्यांच्या कानावर हे गेलं असतं तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, दिगू, प्रश्न बरोबर आहे, उत्तर कोणाकडे नाही इतकंच.

आमची घरं समोरासमोर. बाई माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठ्या. काष्टीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शेतमजुराची मुलगी. बोर्डिंगात राहून शिकल्या, मास्तरीण झाल्या आणि निवृत्तीपर्यंत नागरिकशास्त्र शिकवत राहिल्या. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पेपराला लटकलेलं शेपूट, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं, अशी आपली सगळ्यांची समजूत. बाईंना मात्र ते खरं वाटायचं. घटनेतलं कलम त्या अशा सांगायच्या की शेजारणीनं काल सांगितलेली गोष्टच वाटावी. मी विमा कार्यालयात कारकून. माझं त्यांच्याकडे काम काय, तर संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात बसून वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्यांना नावं ठेवणं, आणि बाईंचं काम मला मधेच अडवून "हे तुला कोणी सांगितलं?" असं विचारणं.

आमच्या कॉलनीचं एक वाचनालय आहे. त्याची घटना कुणीतरी उत्साहानं लिहिलेली, म्हणून अध्यक्ष थेट सभासदांच्या मतानं निवडायचा. अर्थात तशी वेळ कधी आली नव्हती. जुने अध्यक्ष वर्षानुवर्षं बिनविरोध असायचे. पाच-सहा वर्षांपूर्वी ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि माझ्या अंगात आलं. ऑफिसात जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद पुढे सरकवले होते. एकदा तरी आपल्या नावाची पाटी भिंतीवर लागावी, असं फार वाटायला लागलं. बायको म्हणाली, दाराला आहे ना पाटी. पण दारावरची पाटी आणि अध्यक्षांच्या फळ्यावरचं नाव यातला फरक बायकांना कळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

समोर उभे राहिले भिंगारदिवे. एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ, बोलताना अडखळणारे. मला हसूच आलं. मी पत्रकं छापायला टाकली. प्रेसवाल्याला म्हटलं, फोटोभोवती झकास चौकट टाक. त्याच्याकडे त्या दिवशी एकच चौकट शिल्लक होती, ती त्यानं टाकली. पत्रकं सकाळी घरोघर गेली आणि दुपारपर्यंत आमच्या दारात चपलांचा ढीग. जाड काळ्या चौकटीत माझा पासपोर्टचा फोटो, खाली 'आपला नम्र'... ते पुढचं वाचायला कोणी थांबलंच नव्हतं. पारनेरहून माझा चुलत मेव्हणा टॉवेल-टोपी घेऊन आला आणि मला दारात उभा पाहून म्हणाला, "दाजी, तुमी हाय व्हय!" त्याच्या आवाजात थोडी निराशाही होती. बाई रस्ता ओलांडून आल्या, पत्रक नीट वाचलं आणि म्हणाल्या की सहानुभूतीची लाट यायला हरकत नाही.

कॉलनीतली निम्मी मतं बाईंच्या शब्दावर फिरणारी होती. बायका त्यांच्या व्हरांड्यात यायच्या आणि विचारायच्या, बाई, कोणाला द्यायचं? मी समोरच्या खिडकीत कान टवकारून. बाईंनी नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं ते कसं निवडायचं ते. जो काही देतो म्हणतो, त्याला ते कुठून काढून देणार ते विचारा. ज्याच्याशी तुमचं पटत नाही त्याचं बोलणं पुरतं ऐका, आणि ज्याच्यावर माया आहे त्याच्याकडे जरा जास्तच निरखून बघा. त्याच्या चुका त्याला तोंडावर सांगणारं कोणी आहे का, आणि सांगितल्यावर तो चहा पाजतो की तोंड फिरवतो, तेही बघा. माझ्या बाजूच्या एक वहिनी म्हणाल्या, पण बाई, दिगूभाऊ आपला माणूस आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "आपला माणूस आहे म्हणून लग्नाला बोलवा. अध्यक्ष कशाला करता?" माझ्या खिडकीची कडी तेव्हाच जोरात वाजली, ती वाऱ्यानं नव्हे.

तरी बाई मला मत देणार याची मला खात्री होती. त्यांच्या व्हरांड्यात मी इतका चहा प्यालो होतो! त्याच सुमारास आमच्या घरी केबल आली होती आणि अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहून कसे भांडतात, हे मी पाहिलं होतं. मी मागणी केली की आपल्याकडेही असा जाहीर सामना व्हावा. हेतू उघड होता. भिंगारदिवे अडखळतील, मी गाजवीन. प्रश्न विचारायला बाईंना बसवावं, हीसुद्धा माझीच सूचना.

वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या इतकी माणसं आली. मी आरशासमोर सराव करून आलो होतो: नवी इमारत, मुलांचा विभाग, संगणक. त्यातलं एक अक्षर उच्चारायची वेळ आली नाही, कारण बाईंनी दोघांना मिळून एकच प्रश्न विचारला. "निवडणुकीत पडलात तर काय कराल?"

मी मूठ उंचावून म्हणालो, मी पडणारच नाही. टाळ्या पडल्या. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न नव्हता. आता मागं हटणार तो मी कसला. आपल्याकडे थोर माणसं अशा वेळी काय करतात ते आठवलं आणि मी गर्जना केली, पडलो तर सभासदत्वाचा राजीनामा देईन! या वेळी टाळी पडली नाही. बायकोनं पदर तोंडाला लावला. बाई अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे तू इथं वाचायला येत नव्हतास."

मग भिंगारदिवे उठले. त्यांना वेळ लागला... म्हणाले की ते रविवारी फाटकी पुस्तकं चिकटवतात. या रविवारसाठी खळ शिजवून ठेवली आहे, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूदही घातलाय. पडलो तरी चिकटवीन, निवडून आलो तरी चिकटवीन, नाहीतर खळ वाया जाईल. लोक हसले. त्या हसण्यात मी माझी निवडणूक हरलो, हे मला तिथेच कळलं.

निकालानंतर दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन गेलो. शब्द म्हणजे शब्द. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशी नेमक्या बाई बसलेल्या. त्यांनी विचारलं, तुझ्याकडे वाचनालयाचं एक पुस्तक आहे, ते वाचून झालं का? मी म्हटलं, नाही, प्रचारात वेळ कुठे मिळाला. मग आधी वाचून परत कर, राजीनामा नंतर बघू, असं म्हणून त्या पुढच्या सभासदाकडे वळल्या. मी ते पुस्तक वाचून नेऊन दिलं तेव्हा त्यांनी मोठ्या गांभीर्यानं दुसरं हातात ठेवलं. राजीनाम्याचा विषय असाच पुढे ढकलला जात राहिला. शिवाय वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसून नव्या अध्यक्षांना प्रश्न विचारायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. त्यांचं म्हणणं, मत देऊन घरी गेला तो अर्धाच मतदार. तुझा आवाज मोठा आहे, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

पण एक काटा राहिला होता. बाईंनी मत कोणाला दिलं? मी आडून विचारलं, सरळ विचारलं, आशामार्फत विचारलं. बाई हसून भाजी निवडत बसायच्या. एका संध्याकाळी मी फारच लावून धरलं, इतक्या वर्षांचं नातं आणि एवढं सांगत नाही म्हणून रुसलोसुद्धा. तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि आबांची, म्हणजे वडिलांची गोष्ट सांगितली. देशातली पहिली निवडणूक. तेव्हा शिक्का नव्हता, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यात चिठ्ठी टाकायची. आबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेले. संध्याकाळी ज्यांच्या रानात ते राबत त्या मालकांनी बोलावून घेतलं आणि कोणत्या पेटीत टाकली ते विचारलं. आबा म्हणाले, "मालक, चिठ्ठी हातानं टाकली. तोंडाला ठावं न्हाई."

त्या सुगीला आबांच्या घरातल्या एकालाही कामाला बोलावणं आलं नाही. मालकांच्याच उमेदवाराला मत दिलं होतं असं नुसतं खोटं सांगितलं असतं तरी भागलं असतं, किंवा कदाचित ते खरंही असेल. "आबांनी शेवटपर्यंत आईलासुद्धा सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "दिगू, त्यांनी उपाशी राहून जे राखलं, ते मी तुझ्या रुसव्यासाठी सोडू?"

मी ती जुडी उचलली आणि निवडायला बसलो. त्यानंतर मी पुन्हा कधी विचारलं नाही. मनाशी धरून चाललो की मत भिंगारदिव्यांनाच गेलं असणार, आणि ते रास्तच होतं. पण मग एक विचित्र सवय लागली. सभेत प्रश्न विचारायचा तर आधी घरी बसून जमाखर्च नीट वाचायचा. कुणाबद्दल तावातावानं बोलायला लागलो की मधेच थांबून स्वतःला विचारायचं, हे तुला कोणी सांगितलं? जणू मतदान अजून चालूच आहे आणि समोरच्या व्हरांड्यातून कोणीतरी बघतंय...

परवा आशानं बाईंची पुस्तकं वाचनालयाला द्यायची म्हणून आम्हाला बोलावलं. मी आणि भिंगारदिवे त्यांच्या खोलीत खोकी भरत होतो. आशा चहा ठेवून आत गेली. भिंगारदिव्यांनी एक पुस्तक खोक्यात ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. मग अडखळत म्हणाले, "एक विचारू? बाईंनी तुम्हाला... तुम्हाला कधी सांगितलं का हो, मत कोणाला दिलं ते?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हटलं, अहो, तुम्हालाच दिलं असणार की.

ते मान हलवत होते. त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं की बाईंनी मत मला दिलं. समोरासमोरचं घर, रोजचा चहा, तसंच असणार. म्हणून भर पावसातही त्यांनी वाचनालय कधी वेळेवर उघडायचं चुकवलं नाही, माझ्या एकाही प्रश्नाला उडवून लावलं नाही. "वाटायचं, एक दिवस त्या... त्या म्हणतील, भिंगारदिवे, तुम्हाला द्यायला हवं होतं."

आम्ही दोघंही हसलो, आणि मग हसणं कुठे थांबवावं ते कळेना. खिडकीपाशी बाईंची वेताची खुर्ची होती, पाठीवर त्यांची शाल तशीच टाकलेली. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतं आणि तिच्यात बसवेना, म्हणून आम्ही उभ्यानंच चहा घेतला. आणि दोन म्हातारी माणसं, एक जिंकलेला आणि एक पडलेला, त्या खुर्चीकडे बघत राहिलो, आता तरी सांगतील म्हणून.