समता कॉलनीतला हिरवा ठिपका

प्रमोदभाऊंना जाऊन आज वर्ष झालं, आणि मी सकाळपासून हसून राहिली.

रडायचंच ठरवलं होतं हो. पोस्टसाठी फोटोही काढून ठेवला होता.
पण फोटोच असा आहे, की रडू येतच नाही. विशाखापट्टणमचा समुद्र, भाऊंची पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात बूट आणि गळ्यात कॉन्फरन्सचं आयकार्ड. भाऊ ते काही केल्या काढायले तयार नव्हते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊ आमच्या नवा रायपूरच्या ऑफिसात टेस्टिंग बघायचे. आम्ही ॲप बनवायचो, ते त्यात खोट काढायचे. मूळचे अमरावतीचे, पण सारा जन्म गेला रायपुरात.

त्यांची एक पद्धत होती. कोणतंही नवं व्हर्जन आधी वहिनींच्या फोनवर. समता कॉलनीत, त्यांच्या घरी, थेट स्वयंपाकघरात.

"तुझ्या वहिनीच्या पिठाच्या हातानं चाललं, तर कुठंही चालते."

वहिनी पास म्हणाल्या की पास. मग मॅनेजरची काय बिशाद!

तीन वर्षांपूर्वी आमचं एक ॲप त्या कॉन्फरन्ससाठी निवडलं गेलं. गावोगावी लसीकरणाले जाणाऱ्या दीदींचं. दीदी गावात पोचली, बटण दाबलं, की नकाशावर हिरवा ठिपका, म्हणजे हजेरी लागली. रायपूरजवळ अभनपूरकडच्या गावांत मस्त चालून राहिलं होतं.
मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं, डेमो जमला तर बाकीच्या जिल्ह्यांत जाईल, नाही तर प्रोजेक्ट बंद.

आणि डेमो देणार कोण? मी. जिनं कॉलेजात कधी आभारप्रदर्शनही केलं नाही.

ट्रेनमध्ये आम्ही तिघं. भाऊ, मी आणि आमचा डेव्हलपर अंकुर. अंकुरच्या घरी मराठी, पण पोट्टा बोलणार फक्त हिंदीत. वहिनींनी दिलेली सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, महासमुंद स्टेशन यायच्या आधीच फस्त!

"भैया, पहले समुंदर चलेंगे."
"पहिले काम. समुद्र काही पळून नाही जाऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी एवढा मोठा हॉल, एवढे लाईट, सूटबूटवाले लोक. आमचा नंबर यायले आला, तेव्हा म्हटलं एकदा ॲप उघडून पाहू.

लाल अक्षरं आली.
"आप कार्यक्षेत्र से बाहर हैं."

अंकुर पांढराफटक. "दीदी... लॉक."

अरे बाप्पा!
छत्तीसगडच्या बाहेर ॲप उघडायचंच नाही, असं लॉक आम्हीच टाकलं होतं. तेही भाऊंच्या हट्टानं. कोणी नागपुरात लग्नाले बसून इथली हजेरी लावू नये म्हणून.
आणि सारी टेस्टिंग कुठं झाली? समता कॉलनीत! राज्याबाहेर उघडून पाहायचं एकाच्याही डोक्यात नाही आलं. लॉक निघायचं ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, आणि शनिवार म्हणून ऑफिसले कुलूप.

"भाऊ, मी नाही जात. बीमार पडली म्हणून सांगा."

"काहून वो? ॲप तर बरोबर चालून राहिलं."

"बरोबर? उघडतच नाही ना!"

"मंग? उघडाचं नाही, हेच शिकवलं ना आपण त्याले. जा, हेच दाखव. बाकीचं तुझी वहिनी पाहते."

आणि तिथंच फोन लावला. "अवो, पोळ्या राहू दे. ॲप घेऊन बस."

मी स्टेजवर गेली. मोठ्या पडद्यावर ती लाल अक्षरं आली, आणि मागून कोणी तरी फिसकन हसलं.

मी म्हटलं, "हमारा ॲप यहाँ नहीं खुलेगा. क्योंकि हमारी दीदियाँ यहाँ नहीं हैं."

मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर वहिनी! गाऊनवर ओढणी, मागं कुकरची शिट्टी.
"दाबू का वो?"
"दाबा, वहिनी!"

लॅपटॉपवरच्या नकाशाले लॉक नव्हतं. आम्ही सारे तिकडंच पाहून राहिलो.
आला! रायपूर, समता कॉलनी. हिरवागार ठिपका!

काय टाळ्या पडल्या हो! आणि त्या टाळ्यांत वहिनींचा आवाज, "झालं? मंग ठेवू? वरण उतू जाईन."
पहिल्या रांगेत भाऊ उभे राहून शिट्टी मारून राहिले होते. पन्नाशीतला माणूस!

खाली उतरली तर म्हणाले, "आता चाल समुद्रावर."
वरचा फोटो तेव्हाचा.

ॲप बाकीच्या जिल्ह्यांत गेलं. भाऊ गेल्या वर्षी आजच्या तारखेले गेले. ऑफिसातून घरी आले, चहा मागितला, आणि चहा यायच्या आधीच संपलं. त्यानंतर वहिनी कोणाशी फारसं बोलल्या नाहीत. मी फोन करायची, त्या "हव, हव" करून ठेवून द्यायच्या.

हे मी रायपूर स्टेशनवरून लिहून राहिली. यंदा पुन्हा निवडलं आम्हाले. पुन्हा विशाखापट्टणम. यावेळी सोबत दोन नवीन पोरं आहेत.

काल त्यातल्या एकानं विचारलं, "मैडम, डेमो के लिए लॉक हटा दें? दो मिनट का काम है."

मी काही बोलायच्या आत अंकुर बोलला. चक्क मराठीत.
"नाही काढाचं."

आणि आज सकाळी वहिनींचा फोन. वर्षभरात पहिल्यांदा, स्वतःहून. आजचा दिवस, म्हटलं रडतील.
त्यांनी विचारलं, "फोन चार्ज करून ठेवला मी. उद्या किती वाजता बसू वो?"

भाऊ, गाडी लागली. निघतो आम्ही.
काम झालं की समुद्रावर जाऊ, तुमच्या नावानं पाय भिजवू. तुम्हाले मनापासून नमस्कार.