सायलेन्सरमागची बाई

तिचं नाव मी विचारलं नाही. नाक मात्र विसरलो नाही.

माझी जुनी कार्बोरेटरवाली गाडी इतकी धुरायची, की आईनं तीत बसणंच सोडलं होतं. शेवटी काटेवाडीजवळच्या एका गॅरेजात नेली. मेकॅनिकनं इंजिन गरम होऊ दिलं, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला हात घातला आणि मागच्या घराकडं बघून ओरडला, "अगं, ये जरा! वास घे!"

त्याची बायको पिठाचे हात झटकत आली आणि सायलेन्सरमागं उकिडवी बसली.

"डोळं चुरचुरत्यात. पेट्रोल कमी करा."

त्यानं स्क्रू केसभर फिरवला.

"आता लई कमी झालं, इंजिन कण्हतंय. उलीसं मागं घ्या."

इंजिन एका लयीत घुमायला लागलं, तेव्हाच ती उठली.

"वहिनी, हे कसं कळतं?" मी विचारलं.

"चुलीपाशी बसणारीला कळतंय की, लाकूड कवा धुमसतंय अन् कवा जळतंय."

"मग हे स्वतः का नाही वास घेत?"

"ह्यांचं नाक बिडीनं गेलंय. साऱ्या गावच्या गाड्यांचा धूर थांबवला आमी, पर ह्यांचा स्क्रू काय घावंना."

पेटवायला काढलेली बिडी मेकॅनिकनं तशीच कानावर खोवली.