कावळ्याच्या पिसांवर वाजलेला हार्पसिकॉर्ड

कळ दाबली. काहीच वाजलं नाही. शेजारची दाबली. आतून लाकडावर लाकूड आपटल्याचा 'टक' असा आवाज आला, बस्स.

मी आणि फिलोमिना मॅडम दापोड्याच्या एका गोदामात उभ्या होतो. चारी बाजूंना वॉशिंग मशीनचे खोके आणि मध्ये नुकतीच उघडलेली भलीमोठी लाकडी पेटी. पेटीत हिरव्या रंगाचा, लांब शेपटीचा हार्पसिकॉर्ड. परवा संध्याकाळी वसईला, चर्चच्या हॉलमध्ये त्यावर मॅडमच्या वादनाचा कार्यक्रम होता.

"ताई, आमी पेटी पाडली न्हाय हां," गोदामाचे मालक मधुकर पाटील घाईघाईने म्हणाले. "उतरवताना मी सोता उबा व्हतो. पावसाल्यात पानी पन न्हाय लागला."

मी पियानो ट्यूनर आहे. घर टेमघरला. वडील लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यामुळे लहानपणापासून एक सवय आहे: यंत्र बंद पडलं की माणसांकडे नाही, यंत्राकडे बघायचं. मी पाटलांना म्हटलं, "शेट, कुणीच काही पाडलेलं नाही. मला टॉर्च द्या."

हार्पसिकॉर्ड दिसतो पियानोसारखा, पण वाजतो सतारीसारखा. पियानोत कळ दाबली की हातोडी तारेवर पडते. इथे प्रत्येक कळीच्या मागच्या टोकावर एक पातळ लाकडी पट्टी उभी असते. तिला जॅक म्हणतात. जॅकच्या अंगाला एक इवलीशी नखी असते. कळ दाबली की जॅक वर उडतो, नखी तार छेडते आणि जॅक पुन्हा खाली येतो. बरोक काळातलं संगीत या वाद्यावर उभं आहे. बरोक म्हणजे साधारण मराठी राज्य उभं राहण्याच्या जरा आधी सुरू झालेला आणि पेशवाईच्या मध्यावर संपलेला युरोपातला काळ.

माझा पहिला अंदाज होता की दमट हवेने जॅक फुगून अडकले असतील. पण जॅक तर छान वर-खाली होत होते. मग मी एक जॅक उपसून हातात घेतला. नखीच्या जागी नुसती चीर होती. चिरेत तपकिरी भुसा. दुसरा काढला, तिसरा काढला. तेच.

"मॅडम, नख्या प्लॅस्टिकच्या होत्या ना?"

"नाही गं. पिसाच्या. माझ्या बाईंना प्लॅस्टिक चालायचं नाही."

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात एक केसाळ अळी आरामात चालताना दिसली. लोकर, पिसं, कातडं खाणारी जात. घराचं काम रखडलं म्हणून मॅडमनी वाद्य पावसाळाभर गोदामातच ठेवलं होतं. अळ्यांनी नख्या साफ केल्या होत्या आणि तार गप्प करणारे लोकरीचे तुकडेही कुरतडले होते. लोकरीचा फेल्ट माझ्या बॅगेत असतो. नख्या नव्हत्या. प्लॅस्टिकच्या मागवल्या तरी परदेशातून यायला आठवडे लागले असते.

मॅडम वॉशिंग मशीनच्या एका खोक्यावर बसल्या. हा हार्पसिकॉर्ड त्यांच्या हॉलंडमधल्या बाईंचा, म्हणजे गुरूंचा. बाईंचे हात संधिवाताने गेले तेव्हा त्यांनी तो मॅडमना दिला, एका अटीवर: तो सजवून ठेवायचा नाही, वाजवायचा. परवाचा कार्यक्रम बाई तिकडून व्हिडिओवर बघणार होत्या.

आयोजक देशमुख सरांना फोन लावला. स्पीकर ऑन.

"सोपं आहे," सर म्हणाले. "इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणू. त्यात हार्पसिकॉर्डचा टोन असतो. लोकांना काय कळतंय?"

"बाईंना कळेल," मॅडम म्हणाल्या.

"फिलोमिना, प्रॅक्टिकल बोला. दुसरा उपाय आहे का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पिसाची नखी मी आयुष्यात एकदाच कापली होती, तीही माझ्या वस्तादांच्या हाताखाली. पण मी हातातल्या जॅकची रिकामी चीर पुन्हा एकदा टॉर्चखाली धरली. मी म्हटलं, "आहे. पिसं मिळाली तर." आणि मग पाटलांकडे वळले. "शेट, इथे कावळे कुठे बसतात?"

"कावले? ताई, पितरं चालू हायेत. कावल्यांना सध्या कोन न्हाय म्हनत न्हाय. मागं बांदावर उंबर हाय. सगली जमात तितंच असते."

जुन्या काळी युरोपातही नख्यांना कावळ्याचीच पिसं चालत, आणि पावसाळ्यात कावळ्यांची पिसं गळून नवी येतात. झाडाखाली खच पडला होता. पाटीलवहिनी पदर खोचून आमच्याबरोबर वाकल्या. "लांब हायेत तीच घ्या, बाय, बारकी नको," असं म्हणत त्यांनी माझ्यापेक्षा भराभर ओंजळी भरल्या. आम्ही पिसं साबणाने धुतली आणि गोदामाच्या दारात उन्हात पसरली. फोर्कलिफ्ट चालवणारे इस्माईलभाई गाडी थांबवून म्हणाले, "मॅडम, बाजा बजेगा या उड़ेगा?"

अशा हार्पसिकॉर्डला तारांच्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीचे जॅक वेगळे. आमच्याकडे वेळ एकाच ओळीचा होता. मी मॅडमना स्पष्ट विचारलं, "एका ओळीवर भागेल?"

हा प्रश्न साधा नव्हता. या वाद्यात कळ जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज तेवढाच. आवाज वाढवायचा तर दुसरी ओळ जोडायची. मग आवाज चढ चढल्यासारखा नाही, जिना चढल्यासारखा एकदम वर जातो. बरोक संगीताची ही खास चाल. एकच ओळ असेल तर जिनाच नाही.

मॅडमनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "दोन ओळींचा तुकडा गाळते. त्याऐवजी स्वीट वाजवते. आवाज वाढवता नाही आला तर सूर नटवायचे. त्या काळातले वादक तेच करायचे."

स्वीट म्हणजे एकाच स्वरात बांधलेल्या नाचांची माळ. संथ चालीचा आलमांद, धावता कुरांत, दुसऱ्या मात्रेवर रेंगाळणारा सराबांद आणि शेवटी उड्या मारणारा जिग. नाच म्हणायचं, पण नाचत कुणी नाही. ऐकायचे नाच.

कापायला बसलो. पिसाच्या दांड्याची चिंचोळी पट्टी काढायची, चिरेत सारायची, टोक तासायचं. पहिली नखी जाड राहिली, तार किंचाळली. दुसरी इतकी पातळ झाली की तार छेडण्याऐवजी स्वतःच वाकली. तिसरी, चौथी फुकट. पाचवी मी भिंगाखाली खालच्या बाजूने तासली, केसाएवढी. जॅक बसवला. कळ दाबली.

वाजली! टणत्कार नव्हे, किणकिण नव्हे. चांदीच्या वाटीत पाण्याचा थेंब पडावा तसा सूर. पत्र्याच्या शेडमध्ये तो केवढा तरी मोठा झाला. मॅडमनी मला मिठी मारली आणि माझ्या हातातल्या सुरीपासून थोडक्यात वाचल्या.

मग थांबायचं नावच नाही. मी कापायचे, त्या बसवायच्या. बाद झालेल्या नख्यांचा ढीग वहिनी केरसुणीने लोटत होत्या. संध्याकाळी अर्ध्या तारा बोलू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत सगळ्या.

आता ट्यूनिंग. बरोक वाद्य आजच्या पियानोपेक्षा अर्धा सूर खाली लावतात, आणि सूर कानाने जुळवावे लागतात. दोन तारा एकत्र वाजवल्या की त्यांच्यात थरथर ऐकू येते. ती थरथर मोजून-मापून कमी-जास्त करायची. पण दापोड्याच्या गोदामात थरथर कसली ऐकताय? बाहेर ट्रक रिव्हर्सला 'पीं पीं' करत होते.

"शेट, मला शांतता लागेल. थोडा वेळ मालाची चढउतार बंद करता?"

"ताई, बाहेर गाड्यांची लाइन हाय. पार्टी मना खाईल." त्यांनी हार्पसिकॉर्डकडे बघितलं. मग दारात जाऊन त्यांनी आवाज टाकला, "ए, इंजन बंद करा सगल्यांनी! आत आपरेशन चालू हाय!"

खरंच सगळं गप्प झालं. मी भराभर तारा लावल्या. शेवटची तार लागली तेव्हा मॅडमनी मला खुणेनेच बाजूला केलं आणि सराबांद सुरू केला. दारात ड्रायव्हर, हमाल, पाटीलवहिनी सगळे उभे. दुसऱ्या मात्रेवर सूर रेंगाळायचा तेव्हा सगळ्यांचे श्वास रेंगाळत होते. मग जिग आला आणि इस्माईलभाईंचा पाय ठेका धरू लागला. "वाह!" ते ओरडले. "उड़ गया!"

संध्याकाळी टेम्पोत गाद्या घालून वाद्य वसईला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा ट्यून केलं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेसमोर लॅपटॉप, त्यात शाल पांघरलेल्या बाई. आलमांद, कुरांत, सराबांद निर्विघ्न झाले. जिगच्या मध्यावर मला ऐकू आलं: एक सूर गेला. नखी तुटली होती. मॅडमची भुवई जरा उचलली गेली, इतकंच. पुढच्या वेळी तो सूर यायचा तिथे त्यांनी शेजारच्या दोन सुरांची झरझर गिरकी घेतली. तिला ट्रिल म्हणतात. प्रत्येक वेळी नवी गिरकी, आधीपेक्षा अवखळ. जिग संपला आणि टाळ्या थांबेनात.

लॅपटॉपमधल्या बाई मॅडमशी बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलल्या. मॅडम हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी विचारलं, काय म्हणाल्या? "म्हणाल्या, एक नखी तुटली. आणि तुमचा कावळा हॉलंडच्या कावळ्यापेक्षा गोड आहे."

देशमुख सर माझ्याकडे आले. "वैशालीताई, शेवटच्या नाचातले ते ट्रिल काय सुरेख होते! मूळ रचनेतच असतील ना?"

"असतील," मी म्हटलं.

आता हार्पसिकॉर्डसाठी फोन आला की मी मॉडेल विचारत नाही, वय विचारत नाही. आधी विचारते, नख्या पिसाच्या की प्लॅस्टिकच्या? पिसाच्या असतील तर सांगते, वाद्य गोदामात ठेवू नका, आणि ठेवलंच तर महिन्यातून एकदा जाऊन वाजवा. अळीला ते वाद्य वाटत नाही, जेवण वाटतं.