कौसाबाईचा जबडा आणि तीन मशिनं

आमच्या दवाखान्यातली जुनी मंडळी चहाला जमली की एक किस्सा निघतो आणि दुसरा त्याचं बोट धरून येतो. नव्वदच्या दशकात आम्ही ग्राफिक्स वर्कस्टेशन घेतलं, त्या खरेदीचे तर कपाटभर साठलेत!

संगमनेरकडचा आमचा ट्रस्टचा दवाखाना. मी स्टोअर सांभाळायचे. जबड्याचे सर्जन कुलथे सर यांना स्कॅनवरून पेशंटचं हाड पडद्यावर उभं करणारं हे मशीन हवं होतं, ते कौसाबाईसाठी. ही पाथर्डीकडची ऊसतोड करणारी बाई. गाठीपायी डावा जबडा काढलेला, तेव्हापासून पेजेवर होती. प्रत्येक वेळी एकच विचारायची, "भाकर कदी चावंल मला?" उजवा जबडा पडद्यावर आरशातल्यासारखा उलटा केला की डाव्याचं माप मिळेल, असं सरांचं म्हणणं होतं.

*

पहिल्या सेल्समनने पडद्यावर लाल मोटार गरागरा फिरवली. आमचे चेअरमन तात्या, बेलापूरचे बागाईतदार, शांतपणे म्हणाले, "मोटार झ्याक हाय. पेशंट कुठंय?"

*

दुसऱ्याने पडद्यावर कवटी आणली, दात एकदम सरळ. तात्या म्हणाले, "ही तुमची कवटी. बैल घेताना आमी इकणाऱ्याच्या गाडीला जुपून बगत न्हाई. आपल्या भरल्या गाडीला जुपतो."

सरांना ते इतकं पटलं की त्यांनी या दोघांना आणि तिसऱ्या एका कंपनीला कौसाबाईचाच स्कॅन दिला.

*

पहिल्या मशीनवर हनुवटी उमटेपर्यंत आमचे दोन चहा झाले आणि मग लाईट गेली. दुसऱ्यावर कवटी आली, पण फिरवली की अडकायची. तिसऱ्यावर मात्र ती सुरळीत फिरली. सरांनी उजवा जबडा उलटा करून डावीकडे बसवला. कौसाबाईला आत बोलावलं. तिने पडद्याला नाक लावलं.

"केस कुठं गेलं माजं?"

तात्या म्हणाले, "हेच घ्या."

*

मशीनसाठी ए.सी. आला. त्या उन्हाळ्यात मशीनची तब्येत विचारायला सिस्टर्सची रीघ लागली.

*

त्या मापाने घडवलेली धातूची पट्टी सरांनी कौसाबाईच्या जबड्यात बसवली. पुढे खंडेनवमीला आम्ही हत्यारं पूजली. सरांच्या कात्र्या, माझा तराजू आणि हार घातलेलं वर्कस्टेशन. तात्यांनी पेढा ठेवला.

त्याच दिवशी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायच्या आधी, कौसाबाई आली. फडक्यातून वाळलेली भाकरी काढली, अर्धी मोडून कीबोर्डपुढे ठेवली आणि उरलेली घेऊन खाली बसली.

"अहो बाई, दुधात मऊ करून खा," सर म्हणाले.

तिने तुकडा तोंडात टाकला.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली, "आवाज ऐकू द्या."