अडखळत सूर्यमाळला

एकटीने प्रवासाला निघायचं म्हटलं की लोक विचारतात, चुकलीस तर? आजारी पडलीस तर? कुणी त्रास दिला तर? मलाही या सगळ्याची भीती वाटायचीच. पण सगळ्यात मोठी भीती होती ती तोंड उघडण्याची. मी बोलताना अडखळते. ‘थ’ तर जिभेवरून सुटतच नाही. त्यामुळे चाळिशी उलटली तरी तिकीट काढणं, खोली बघणं, वाट विचारणं ही कामं बरोबर येणाऱ्या कुणीतरी केलेली. यंदा दिवाळीनंतर सुट्टी मिळाली, पण बरोबर यायला कुणी मोकळं नव्हतं. एक दिवस चिडचिड केली आणि दुसऱ्या दिवशी सॅक भरली.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला थेट एसटी आहे; तीनेक तास लागतात. घाट वळणावळणांचा. पोट नाजूक असेल तर पुढची सीट धरा. भातकापणी उरकली होती, खाचरांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. जव्हारला स्टँडजवळच्या लॉजवर मालकांनी विचारलं, “सोबत कोण?”

“ए... एकटीच.”

त्यांनी आधार कार्ड बघितलं आणि किल्ली दिली. एवढंच! हजाराच्या आत स्वच्छ खोली, सकाळी बादलीभर गरम पाणी.

संध्याकाळी हनुमान पॉइंटवरून दरी बघितली आणि भूक घेऊन खानावळीत शिरले. हवी होती थाळी. एरवी मी पटकन ‘पोहे’ म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी हटून बसले. वेटर फडक्याने टेबल पुसत राहिला, माझी ‘थाळी’ एकदाची बाहेर पडली आणि त्याने शांतपणे विचारलं, “भाकरी का चपाती?” नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि उडदाचं आमटीसारखं वरण. दोनदा वाढून घेतलं.

सकाळी खोली सोडून खोडाळ्याची बस पकडली. तिथून सूर्यमाळला जीप मिळते. भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. शेजारी जनीबाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. लेक मोखाड्याच्या दवाखान्यात बाळंत झालेली. तिच्यासाठी कपडे आणि नागलीचं पीठ आणायला त्या घरी निघाल्या होत्या.

“एकलीच? कोनाकडं?”

“कु... कुणाकडे नाही. फिरायला.”

त्या हसल्या. “सावकास बोल. मला पन मराठी सोधूनच बोलाया लागतं. घरची बोली येगळी.”

मग दोघी शोधून शोधून बोललो. उतरल्यावर त्यांनी मला माळाची पायवाट दाखवली आणि बजावलं, “दुपारचीच गाडी शेवटची. मला टाकून तिला जाऊ नको देऊ.”

वर जंगल, खाली निळसर डोंगरांच्या रांगा, आणि वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नाही. एका खडकावर बसून मी मोठ्याने माझं नाव उच्चारलं. अडखळलं. पुन्हा उच्चारलं.

दुपारी जीप भरली. मी मागे कोंबलेली, सगळे चढून बसलेले, जनीबाईंचा पत्ता नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि तेवढ्यात पाड्याच्या उतारावर त्या दिसल्या, डोक्यावर बोचकं, पळत येताना. इतर कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. गाडी हलली.

“थ... थ... थ...”

जीप वळणाकडे निघाली. मी छतावर हात आपटला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “थ-थ-थांबा! बाई राहिल्यात!”

करकचून ब्रेक लागला. सगळी जीप माझ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मान खाली घातली नाही. जनीबाई धापा टाकत माझ्या मांडीवरच येऊन बसल्या.

खोडाळ्याहून आम्ही एकाच बसने निघालो. मोखाड्याला उतरताना त्यांनी माझा गाल कुरवाळला. “तुझा आवाज लय मोठा हाय, बाई.” असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. नाशिकपर्यंत मी खिडकीशी एकटीच हसत होते.

भीती गेली का? नाही. जीभही तीच आहे. पण आता ती घेऊनच निघता येतं, हे कळलंय. घरी जेवताना सगळ्यांना हकिगत सांगितली. एरवी माझी निम्मी वाक्यं घरचेच पूर्ण करतात. त्या दिवशी एकालाही ते जमलं नाही. सगळे घास हातात धरून थांबले, कारण पुढे काय झालं ते फक्त मलाच माहीत होतं.