मित्सुएच्या बाबांचा वाडगा

माझं गाजलेलं गाणं एकच, आणि त्यातली चाल तेवढी माझी. हे वाक्य मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितोय.

गाणं तुम्ही ऐकलं नसेल. आमच्याकडे मात्र एका हिवाळ्यात विशीतल्या पोरापोरींनी ते ऐकून उशा भिजवल्या होत्या. ‘सकाळी हात सवयीनं दोन वाडगे काढतो, एक परत फळीवर ठेवतो. तू नाहीस, हे हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही.’ प्रेयसी सोडून गेलेल्या तरुणाचं गाणं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, केस कपाळावर यायचे, आणि मला सोडून गेलेली कुणीच नव्हती. मुळात कुणी आलीच नव्हती.

आता जरा मागे जातो. ओनागी हे आमचं समुद्रकाठचं लहान गाव. शाळेत शेवटच्या वर्षाला मी आणि मित्सुए एक वही आलटून पालटून लिहायचो. एक दिवस ती, एक दिवस मी. सकाळी शाळेच्या दारातल्या एकमेकांच्या बुटांच्या कप्प्यात गुपचूप ठेवायची आणि काहीच घडलं नाही असं तोंड करून वर्गात जायचं. पोरं चिडवायची, पण आमच्यात चिडवण्याजोगं काही नव्हतं. मी गिटारच्या तारांबद्दल लिहायचो, ती मला शुद्धलेखनावरून टोमणे मारायची.

तिची आई लहानपणीच गेली होती. घरात बापलेक दोघंच. बाप माकुळ पकडायच्या बोटीवर कामाला. त्या शरद ऋतूत तो आजारी पडला आणि पंधरा दिवसांत गेला. रात्री ती शेजारच्या आत्याकडे जेवायची, सकाळी आपल्या घरी एकटीच. महिनाभरानं तिनं वहीत लिहिलं की हात सवयीनं दोन वाडगे काढतो, एक परत ठेवते, बाबा नाहीत हे हातांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याखाली मी काय लिहिलं होतं, ते मला तोंडपाठ आहे. ‘वाचून वाईट वाटलं. उद्या गणिताची परीक्षा आहे, विसरू नकोस.’

शाळा संपली तेव्हा वही माझ्याकडे होती. ती गिटारच्या पेटीत पडून माझ्याबरोबर टोकियोला गेली.

तिथं पाच वर्षं मी स्टेशनाबाहेर उभा राहून गायलो. मग एका कंपनीच्या माणसानं ऐकलं आणि म्हणाला, “आवाज बरा आहे. पण पोरींच्या डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी आण. सोमवारपर्यंत.” रविवार उजाडला तरी कागद कोराच होता. मी वही उघडली. ‘बाबा’ खोडलं, ‘तू’ लिहिलं. अर्ध्या तासाचं काम. त्या अर्ध्या तासात मला लाज वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला होता.

पुढं टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “हिराका-सान, कोण हो ती मुलगी?” मी मान खाली घातली आणि म्हणालो, “माझ्या गावची आहे. याहून जास्त नाही सांगणार.” वाक्य कंपनीच्या माणसानं पढवलं होतं. मान खाली घालणं माझं स्वतःचं.

त्यानंतर आणखी आठ गाणी काढली, एकही चाललं नाही. चौतिसाव्या वर्षी गाशा गुंडाळून ओनागीला परतलो. तेव्हापासून वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी चालवतो. सकाळी म्हाताऱ्यांना घरून आणायचं, संध्याकाळी पोचवायचं. ते म्हणतात, “अरे, ते वाडग्याचं म्हण ना.” मी म्हणतो, घसा बसलाय.

मित्सुए बाजारपेठेत माशाच्या वड्यांचं दुकान चालवते. नवरा शांत माणूस, एक मुलगा सेंदाईला नोकरीला. त्या दुकानातून मी चोवीस वर्षं वड्या घेतल्या आणि चोवीस वर्षं फक्त हवेबद्दल बोललो. ती गाण्याचं नाव काढायची नाही, मी काढायचो नाही. तिला ठाऊक नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. देशभर वाजलेलं गाणं तिच्याच दुकानातल्या रेडिओवर वाजलं नसेल, असं समजायला केवढा कोडगेपणा लागतो पाहा.

गेल्या वर्षी नगर कार्यालयातला इवाफुने घरी आला. तिशीचा, हसरा. बंदरावर माझ्या गाण्याची शिळा उभारायची ठरली होती. काळ्या दगडावर माझ्याच हस्ताक्षरात ओळी कोरायच्या, बाजूला बटण, दाबलं की गाणं वाजेल, समोर जोडप्यांसाठी बाक. “सर, फक्त कागदावर ब्रशनं लिहून द्या. तीन आठवडे आहेत.”

दगडावर म्हटल्यावर माझी झोप उडाली. कॅसेट हरवते, दगड कुठं हरवणार? आठव्या दिवशी मी मिठाईचा खोका आणि ती वही घेऊन दुपारी मित्सुएच्या दुकानात गेलो.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “शिळेचं कळलं. आणि मिठाई मला कसली देतोस? मीच द्यायला हवी.”

“मित्सुए, त्या ओळी तुझ्या आहेत.” मी कमरेत वाकलो आणि वाकूनच राहिलो.

“माहीत आहे की. सरळ उभा राहा आधी, गिऱ्हाईक येईल.”

मी सरळ झालो. तिनं वही घेतली, ते पान न शोधता उघडलं आणि हातानं एकदा सपाट केलं.

“पहिली दोन वर्षं वाटायचं, फोन करशील,” ती म्हणाली. “मग टीव्हीवर तू मान खाली घातलीस ना, तेव्हा समजलं की नाही करणार.”

“शिळेवर तुझं नाव घालायला सांगतो.”

“नाव कशाला? लोक म्हणतील हिचं आणि याचं काहीतरी होतं. नवऱ्याला नको तो ताप.” मग म्हणाली, “एक करशील? तो शब्द होता तसा लिही. ‘बाबा’ लिही. बोटीवरच्या माणसाला कुठं दगड मिळतो? बस, एवढंच.”

“लिहितो,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हे तरी खरं माना.

घरी दोन कागद लिहिले. एकावर ‘बाबा’, दुसऱ्यावर ‘तू’. दुसरा कशाला लिहिला, हे विचारू नका. दोन्ही घेऊन नगर कार्यालयात गेलो आणि पहिला पुढं केला.

इवाफुनेनं वाचलं. “बाबा? सर, हे काय?”

“मूळ असं होतं.”

“मूळ म्हणजे? रेकॉर्डवर तर ‘तू’ आहे. पोस्टर छापून आलंय, ‘दोघांची शिळा’. बटण दाबल्यावर एक ऐकू येणार आणि दगडावर दुसरंच? आणि खरं सांगू, सर, मेलेल्या वडिलांसमोर जोडपी फोटो काढतील का?”

इथं एकच वाक्य बोलायचं होतं. ‘हे मी लिहिलेलं नाही.’ जिभेवर आलं होतं. पण समोरचा मला सर म्हणत होता. त्या कार्यालयात मला सर म्हणणारी सहा माणसं बसली होती, आणि गाडीवर मला सगळे ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हणालो. “जरा गंमत केली.” आणि दुसरा कागद काढून दिला. इवाफुने हसला, मीही हसलो.

मित्सुएला सांगायला हवं होतं. रोज गाडी तिच्या दुकानावरून जायची, रोज मी उद्या सांगू म्हणायचो. वड्या मी तेवढे दिवस सुपरमार्केटातून आणल्या.

अनावरण झालं ते रविवारी सकाळी. महापौर बोलले, कापड ओढलं, टाळ्या झाल्या. एका कोवळ्या जोडप्यानं बटण दाबलं आणि माझा तेविसाव्या वर्षीचा आवाज बंदरभर वाजला. गर्दीत मित्सुए दिसली. काळा कोट घातलेला, केस नीट बसवलेले. शेजारी नवरा आणि सेंदाईचा मुलगा. त्याला तिनं मुद्दाम रजा काढायला लावून बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिघं शिळेपुढं आली. मी बाजूलाच उभा होतो, छातीवर कागदी फूल लावून. मुलानं ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग दगडाच्या मागेही जाऊन आला.

“आई,” तो म्हणाला, “आजोबा कुठं आहेत यात?”

तिनं शेवटच्या ओळीखालच्या माझ्या सहीपर्यंत सगळं सावकाश वाचलं. मग माझ्याकडे वळली आणि किंचित वाकली, परक्या पाहुण्यापुढं वाकतात तशी.

“अक्षर छान आलंय, सर,” ती म्हणाली.