कार्टूनवाले खिडकीत

गल्लीत त्यांना सगळे कार्टूनवाले म्हणत. उभी हयात त्यांनी टूथपेस्टच्या जाहिरातींतले किडे नाचवण्यात घालवली. किडा दातावर कुदळ मारतो, पेस्ट येते, किडा पळतो. "एवढंच केलं मी आयुष्यात," ते पाहुण्यांना सांगत, "आणि दात माझेच किडले." पण पन्नाशी उलटल्यावर स्टुडिओच्या मालकांना काय सुचलं कोण जाणे, पाच मिनिटांची स्वतःची फिल्म करा म्हणाले. गडी हरखून गेला. विषय मात्र सुचेना.

तो विषय मुलीने जेवताना आयता ताटात वाढला. रविवारी ती कॉलेजातल्या एका मुलाबरोबर कॉफी प्यायला जाणार होती, पहिल्यांदाच. आडपडदा नाही की काही नाही, सांगून मोकळी. वर एवढंच म्हणाली, "मैत्रिणी घरी थापा मारून जातात. मी सांगून जातेय. त्याची खिल्ली उडवलीत, तर यापुढे मीही काही सांगणार नाही."

आईने परत कधी येशील एवढं विचारलं आणि भाजी वाढली. कार्टूनवाल्यांनी मोठ्या मनाच्या बापाचा आव आणून होकार दिला, पण भाजी ताटात तशीच ठेवून पोळी कोरडीच खाल्ली. कालपरवापर्यंत पेन्सिलींना टोक करून देणारी पोर!

जेवण होताच ते कामाच्या टेबलाशी बसले. या धंद्यात समोर आरसा लागतो. पात्राचा चेहरा काढायचा तर आधी स्वतः तसं तोंड करून बघायचं. फिल्ममधला बाप भारदस्त हवा होता. त्यांनी भुवई चढवली, छाती फुगवली, गंभीर झाले. आरशात दर वेळी दातदुखीने बेजार झालेला किडाच दिसला. मग बापाचा नाद सोडून त्यांनी त्या मुलाला चितारायला घेतलं. बेट्याला बदकाची चाल द्यायची! त्यासाठी खरी चाल बघायला हवी. माणसाला तोंडाने सोंग आणता येतं, पायांनी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

रविवारी मुलगा खाली येऊन थांबला, तेव्हा आमचे कलावंत पडद्याआड मोबाइल धरून उभे होते. बायकोने विचारलं, लाज कशी वाटत नाही. ते म्हणाले, कामाचं आहे.

मग ते चित्रण त्यांनी संगणकावर एकेक चित्र थांबवत पाहिलं. मुलगा ताडमाड. पहिल्या दोन ढांगांतच पुढे गेला असता. पण मुलीची चप्पल नवी होती, टाच चावत होती, ती किंचित लंगडत होती. मुलगा बोलत होता, समोर बघत होता, तिच्या पायांकडे त्याने पाहिलंही नाही. पाऊल मात्र आपसूक आखडलं. एवढ्या लांब पायांनी तो इवली इवली पावलं टाकत कोपऱ्यापर्यंत गेला. चाल अगदी बदकाची होती, आणि कार्टूनवाल्यांना हसू येईना.

त्यांनी बायकोला बोलावून दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं. "तुमच्याबरोबर कुठे गेले, की मला तुमची पाठ तेवढी दिसते," ती म्हणाली.

तेवढ्यात मुलगी आली. चप्पल हातात, नजर संगणकाच्या पडद्यावर.

"बाबा, हे काय आहे?"

आईने स्वयंपाकघर गाठलं. कार्टूनवाल्यांकडे सबबी ढीगभर होत्या, पण त्यांनी खरं तेच सांगून टाकलं.

"खिल्ली उडवायला काढलं होतं," ते म्हणाले. "घाबरलो गं. म्हटलं, आता तू कशाला सांगायला येशील आम्हाला काही. पण त्याचं पाऊल बघ एकदा."

तिने पाहिलं, मग परत लावून पाहिलं. "माझ्या लक्षातच आलं नाही," ती हळूच म्हणाली. मग स्वतःच्या हाताने तिने ते पुसून टाकलं, मोबाइलमधलंही पुसलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कार्टूनवाल्यांनी संगणक बंद केला. पाच मिनिटांच्या फिल्मपायी पोर घालवली, असं त्यांना वाटलं. हाताला काही काम सुचेना.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं. टाचेला पट्टी लावलेली मुलगी बाहेर न येताच म्हणाली, "पुढच्या रविवारी आम्ही सिनेमाला जाणार आहोत. खिडकीत उभं राहायचं नाही."

दार पुन्हा लागलं. कार्टूनवाले ठेचकाळत स्वयंपाकघरात धावले. डोळे डबडबले होते.

"ऐकलंस का," ते बायकोला म्हणाले, "तिने सांगितलं."